छपरांवरचा बॅटमॅन

बर्लिनमध्ये एक बॅटमॅन राहतो. त्याला काळा झगा नाही, मुखवटा नाही, सुसाट गाडी तर नाहीच नाही. सुरुवातीला तो राहायचा एका निळ्या-काळ्या डब्यात, आणि डब्याच्या मागच्या बाजूला दोन शिंगं असायची. कोणाच्या खिडकीत, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या छपरावर पाऊस लागू नये म्हणून दुसऱ्या डब्यात बंद करून ठेवलेला. गंमत म्हणजे असे कितीतरी डबे, आणि एकाच वेळी त्यांतल्या अनेकांत तोच बॅटमॅन!

तुमच्या घरी वायफायचा राउटर असेल, तर हा डबा त्याचा थोरला चुलतभाऊ समजा. पण राउटरमध्ये बॅटमॅन शिरला कसा? त्यासाठी आधी एका चमत्कारिक अडचणीची गोष्ट ऐकावी लागेल.

बर्लिन शहराच्या मधून एक भिंत गेली होती, हे तुम्ही ऐकलं असेल. 1989 साली ती पडली आणि 1990 साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. पूर्व बर्लिनमध्ये तेव्हा टेलिफोन फार कमी. मग ठरलं, की आता फोन द्यायचेच आहेत तर जुनाट तांब्याच्या तारा कशाला? एकदम नवं काहीतरी टाकू या! म्हणून बऱ्याच गल्ल्यांमध्ये काचेच्या तंतूंचं जाळं टाकलं. झकास! पुढे काही वर्षांनी फोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट द्यायची युक्ती निघाली. आणि ती युक्ती चालायची फक्त तांब्याच्या तारेवर.

म्हणजे ज्यांच्याकडे जुनी तार, त्यांना वेगवान इंटरनेट. ज्यांच्याकडे नवी कोरी काच, ते हात चोळत बसले. फाटक्या चपला घालून आलेल्याला वर्गात प्रवेश आणि नवे बूट घातलेला बाहेर उभा, असा प्रकार. तुम्ही म्हणाल, पण काच तर तांब्याहून वेगवान ना? अगदी बरोबर. आज आपल्याकडेही कितीतरी घरांत इंटरनेट काचेतूनच येतं. पण तेव्हा त्या काचेच्या टोकांना जोडलेली यंत्रं फोनवर बोलण्यापुरतीच बनवलेली होती. बिचाऱ्या काचेचा काय दोष?

आता बर्लिनच्या जुन्या इमारती कशा, तर बहुतेक पाच मजली, एकमेकींना खेटून उभ्या. एका घरात भरपूर इंटरनेट आणि पलीकडच्या घरात ठणठणाट. मग 2002-03च्या सुमारास काही शेजाऱ्यांनी विचार केला, तार नाही तर नाही, हवा तर आहे! एकाने आपल्या खिडकीत डबा ठेवला, समोरच्याने त्याच्या खिडकीत. त्याच्या पलीकडच्याने छपरावर. आणि नियम असा, की माझा डबा माझे निरोप तर पाठवेलच, पण तुमचेही पुढे सरकवेल. तुमचा डबा माझे सरकवेल. अशा जाळ्याला मेश म्हणतात. मेश म्हणजे जाळी. जाळीला जशा गाठी असतात, तसे इथे डबे.

या शेजाऱ्यांनी आपल्या जाळ्याचं नाव ठेवलं फ्रायफुंक. जर्मन भाषेत फ्राय म्हणजे मुक्त आणि फुंक म्हणजे रेडिओ. हा फुंक शब्द आला ठिणगी या अर्थाच्या शब्दावरून, कारण सुरुवातीचे रेडिओ खरोखरच विजेच्या ठिणग्या पाडून संदेश पाठवत. आपल्याकडे ठिणगीला फुंक मारतात आणि त्यांच्याकडे ठिणगीचाच फुंक होतो. मला हे कळल्यावर उगाचच आनंद झाला होता!

डब्यातून निघणारी लाट असते साधारण 12 सेंटिमीटर लांब. नव्या पेन्सिलीला आठवडाभर शार्पनर लावल्यावर उरेल तेवढी. ही लाट भारी नखरेल. तिला समोरचं दिसावं लागतं. डोंगरातला गुराखी पलीकडच्या कड्यावरच्या दोस्ताला हाळी देतो, ती मधली दरी मोकळी असते म्हणून पोचते. मध्ये आणखी एक डोंगर आला की संपलं. लाटेचंही तसंच. भिंत आली की ती दमते. आणि झाड आलं तर? पानात असतं पाणी, आणि पाणी ही लाट पिऊन टाकतं. त्यामुळे थंडीत, झाडं निष्पर्ण असताना, दोन छपरांची छान गट्टी जमावी आणि वसंतात पालवी फुटली की गट्टी फू व्हावी, असंही घडतं. यावर उपाय एकच, उंच जायचं. म्हणून ही मंडळी चर्चवाल्यांकडे गेली आणि परवानगी काढून चर्चच्या मनोऱ्यांवर अँटेना बसवल्या.

आणि मग खरी पंचाईत झाली. डबे झाले शेकडो. माझ्या डब्यातला निरोप शहराच्या त्या टोकाला न्यायचा, तर मधल्या कुठल्या कुठल्या डब्यांतून? सुरुवातीला प्रत्येक डबा सगळ्या जाळ्याचा नकाशा मनात काढायचा आणि त्यावर सर्वांत चांगली वाट शोधायचा. दहा डबे असताना ठीक. पण 450 डब्यांचा नकाशा नव्याने मांडायला त्या डब्याच्या इवल्याशा मेंदूला काही सेकंद लागायचे. हसू नका, अशा एका लोकप्रिय डब्याची स्मरणशक्ती होती अवघी 16 एमबी. फोनवर काढलेले चार फोटो ठेवले की फुल्ल! आणि नकाशा तयार होईपर्यंत कोणीतरी आपला डबा बंद करून झोपायला गेलेलं असायचं.

मग 2006च्या सुमारास बर्लिनच्या या मंडळींनी वेगळीच युक्ती काढली. त्यांनी नकाशाच फेकून दिला. या युक्तीचं इंग्रजी नाव लांबलचक, ‘बेटर अप्रोच टू मोबाइल ॲड-हॉक नेटवर्किंग’. आद्याक्षरं जुळवा. बी, ए, टी, एम, ए, एन. सापडला का बॅटमॅन?

ही युक्ती मैदानावर खेळून बघता येते. मुक्ता या टोकाला. कबीर पार त्या टोकाला, तिचा आवाज त्याला पोचत नाही इतका लांब. मधे डावीकडे अदिती, उजवीकडे सोहम. मुक्ताने दर सेकंदाला ओरडायचं, “मुक्ता एक! मुक्ता दोन! मुक्ता तीन!” ज्याला ऐकू येईल त्याने तेच पुढे ओरडायचं, पण एक आकडा एकदाच. (हा नियम विसरलात तर “मुक्ता एक” रात्रीपर्यंत मैदानभर घुमत राहील.) कबीरने फक्त मोजायचं. सोहमकडून दहापैकी नऊ हाका आल्या. अदितीच्या बाजूला रस्ता, रिक्षांचे भोंगे, तिच्याकडून आल्या सहाच. झालं! कबीरने एवढंच लक्षात ठेवायचं, की मुक्ताला चिठ्ठी द्यायची तर सोहमच्या हातात द्यायची. सोहम पुढे कोणाला देईल, मधे आणखी किती जण आहेत, मैदान गोल की चौकोनी, कबीरला काही देणंघेणं नाही. ते सोहम बघेल.

प्रत्येक डबा हेच करतो. साधारण दर सेकंदाला “मी आहे” असं ओरडतो, शेजाऱ्यांच्या हाका पुढे नेतो आणि कोणासाठी कोणता शेजारी बरा, एवढंच टिपून ठेवतो. अख्खं शहर कोणालाच माहीत नाही, तरी निरोप पोचतो!

यात खोटही आहे बरं. ज्या डब्यात एकच रेडिओ, त्याला एकाच वेळी बोलता आणि ऐकता येत नाही. तुम्ही ओरडत असताना दुसऱ्याचं ऐकून बघा, जमतं का? त्यामुळे निरोप जितक्या हातांतून जाईल तितका त्याचा वेग घटतो. एकच रेडिओ असेल तर पहिल्या टप्प्यालाच जवळजवळ निम्मा. आणि वाट शोधायच्या युक्त्याही एकट्या बॅटमॅनकडेच आहेत असं नाही. 2009 साली पॅरिसमध्ये त्यांची चक्क लढाई सुरू झाली, नाव वायरलेस बॅटल मेश. वेगवेगळ्या युक्त्यांचे लोक राउटर घेऊन जमतात, जाळं मांडतात आणि कोणाचा निरोप आधी पोचतो ते बघतात. बॅटमॅनचं मात्र बरं चाललंय. 2011 साली त्याला लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात जागा मिळाली. म्हणजे आता जगात कुठेही, कोणालाही आपल्या डब्यात तो फुकट बसवता येतो.

अरे हो, मैदानावरचा खेळ अर्धाच राहिला. तेवढ्यात सोहमला आई जेवायला बोलावते आणि तो पळतो. कबीर गोंधळतो का? पहिले काही क्षण, हो. एखादी चिठ्ठी हरवते. पण त्या बाजूच्या हाका येईनाशा होतात, अदितीच्या येतच असतात, सहा तर सहा. पुढची चिठ्ठी कबीर मुकाट्याने अदितीच्या हातात देतो. आणि वरणभात खाऊन सोहम परत येईल तेव्हा त्याने कोणाला विचारायचं? कोणालाच नाही. आपल्या जागेवर उभं राहायचं आणि जोरात ओरडायचं, “सोहम एक!”