पुराचं पाणी आणि मे महिन्यातला पंप

आज बोलतोय वाराणसीतून. ऑगस्टमध्ये इथे गंगा घाटांच्या पायऱ्या गिळते आणि उन्हाळ्यात आसपासच्या गावांत डिझेल पंप धडधडतात. पावसाळ्यातलं पाणी मेपर्यंत ठेवायचं कुठे?

या सपाट मुलखात धरणाला जागा नाही. पण पायाखाली गाळाचा शेकडो मीटर जाड थर आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात असं कोठार मिळत नाही. १९७५ साली रॉजर रेव्हेल आणि लक्ष्मीनारायण यांनी 'सायन्स' नियतकालिकात कल्पना मांडली: पावसाआधी नदीकाठचं भूजल भरपूर उपसा, पुराचं पाणी ती रिकामी जागा भरेल. या कोठारात बाष्पीभवन जवळपास नाही, कुणाचं गाव बुडत नाही. खर्च फक्त उपशाचा.

तो किती? एक हजार घनमीटर पाणी एक मीटर वर उचलायला पावणेतीन युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर साडेपाच. पश्चिम उत्तर प्रदेशात मध्य गंगा कालव्याच्या लखावटी शाखेत फक्त खरिपात पाणी सोडत गेले. १९८८ ते १९९८ या दहा वर्षांत तिथली भूजल पातळी सुमारे १२ मीटरवरून साडेसहावर आली. म्हणजे प्रत्येक हजार घनमीटरमागे तीस युनिटं वाचली. कालव्याची गळती आपण नुकसान म्हणून मोजतो. इथे तीच कमाई ठरली!

फौजेत राखीव तुकडी रोज लढायला पाठवत नाहीत. भूजलाचंही तसंच: नदी-कालव्यात पाणी असताना ते वापरा, आटल्यावर विहिरीकडे वळा. नेमकं उलट घडतं ते दरांमुळे. कालव्याची पट्टी बहुतेक ठिकाणी पाण्याच्या मापावर नव्हे, पिकाच्या क्षेत्रावर ठरत आली. मग मुखाजवळचा शेतकरी शेत तुडुंब भरतो, जमीन पाणथळ होते. शेपटाकडचा डिझेल जाळतो. पातळी खाली गेली की खोल बोअरवाला तगतो, उथळ हातपंपावरचं गरीब घर कोरडं पडतं. रेव्हेल यांच्या योजनेतही ही अडचण आहे: उपशाचा खर्च वरच्या गावाचा, पूर कमी झाल्याचा फायदा खालच्याचा. त्याची भरपाई ठरवल्याशिवाय कुणी मेमध्ये जादा पंप का चालवेल?

माझ्या मते कालवा आणि विहीर यांचा हिशोब एकाच वहीत हवा. नाशिकजवळ ओझरला वाघाड धरणावरच्या पाणी वापर संस्थांनी ते करून दाखवलं. कालव्याच्या पाझराने भरणाऱ्या विहिरींवरही त्यांनी पाणीपट्टी लावली.