घर कुणाचं, पेन्शन कुणाची?

रमजानच्या आधी एक आपा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्या घरी आल्या. मला उर्दू येतं म्हणून निकाहनामा वाचून हवा होता, मराठी येतं म्हणून अर्ज लिहून. सव्वीस वर्षांचा संसार, पती सरकारी नोकरीतून निवृत्त, तलाक झालेला, इद्दत नुकतीच संपलेली.

पहिलाच प्रश्न : "मॅडम, पेन्शन निम्मी माझी ना?"

नाही म्हणताना जीभ जड झाली. आपल्याकडे तलाकनंतर पेन्शनची वाटणी होत नाही. पतीच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतनही तलाकशुदा पत्नीला मिळत नाही. घराचंही तसंच. शरीअत पती-पत्नीची मालमत्ता वेगळी मानते. बायकोच्या कमाईवर पतीचा हक्क नाही. केवढं मोठं संरक्षण! पण आपांनी वर्षानुवर्षं शिलाई करून घराच्या हप्त्यांसाठी पैसे दिले ते रोख, पतीच्या हातात. घर त्यांच्या नावावर. चिठ्ठीचपाटी एकही नाही.

तरीही बरंच उरतं. १९८६ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे तलाकशुदा स्त्रीला मेहर मिळाली पाहिजे. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, पतीनं दिलेल्या वस्तू परत मिळाल्या पाहिजेत. शिवाय वाजवी तरतूद. डॅनियल लतिफी खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की ही तरतूद इद्दतीपुरती नव्हे, पुढच्या आयुष्यासाठी आहे. इद्दतीच्या आत करायची, एवढंच. रक्कम ठरवताना तिच्या गरजा, संसारातलं राहणीमान आणि पतीची ऐपत पाहतात. त्या ऐपतीत घरही येतं, पेन्शनही.

निकाहनाम्यात मेहरपुढे "मुअज्जल" लिहिलं होतं. उर्दूत हा शब्द ऐनने लिहिला तर मेहर मागताक्षणी द्यायची, हमजा-वावने लिहिला तर पुढे कधीतरी. उच्चार एकच! लग्नाच्या गडबडीत कोण बघतो? तलाकनंतर दोन्ही देणंच लागतं, पण संसार चालू असताना मागता येईल की नाही, ते या एका अक्षरावर. मुलीच्या निकाहला बसलेल्या वडिलांनी तेवढं वाचून घ्यावं.

मग सासरी राहिलेल्या वस्तूंची यादी करायला बसलो. कपाट, तांब्याची भांडी, दोन बांगड्या, पलंग. शिलाई मशीनचं नाव आपांनी घेतलंच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "ते अब्बांनी दिलेलं. पण घरासाठीच वापरलं ना."

मी पहिल्या ओळीत तेच लिहिलं.