बाल्कनीतली पाल आणि दर 5 मिनिटांचा गजर

पीएचडीचा विषय शोधताय, पण जंगलात जायला परवानगी, पैसे, वेळ यातलं काहीच नाही? मग रात्री बाल्कनीतला दिवा लावा आणि पाल बघा. (किळस येते? बघत राहिलं की कमी होते.)

दिव्याला किडे येतात, किड्यांमागे पाल. बघायला खरंच मजा येते, आणि गोची तिथेच होते. आपण वहीत काय लिहितो? पतंग पकडला, दोन पाली भांडल्या. जे डोळ्यात भरलं तेवढंच. पाल तासभर नुसती चिकटून बसली, हे कोण लिहितं! मग वही वाचून वाटतं, पाल सारखी शिकारच करते. जीन ऑल्टमन यांच्या 1974 च्या पेपरमध्ये निरीक्षणातला हा घोळ नीट उलगडलाय. तो वाचल्याशिवाय फील्डवर जाऊच नका.

मोबाईलवर दर 5 मिनिटांनी गजर लावा. वाजला की भिंतीवरची प्रत्येक पाल त्या क्षणी काय करतेय ते लिहा. मधे काही थरारक घडलं तर ते वेगळ्या पानावर. एकही दिसली नाही तर शून्य लिहा, तोही डेटाच. आणि दिवा नसलेली एक भिंतही घ्या, नाहीतर 'दिव्यामुळे पाली येतात' हे म्हणणार कशाच्या जोरावर? अंधारात पाल दिसणारच नाही, म्हणून दोन्हीकडे टॉर्च मारूनच मोजा.

शेवटचं, मुलाखतीत हमखास अडकवणारं: तीच पाल तीन रात्री दिसली तर त्या तीन पाली होत नाहीत. तुटून पुन्हा आलेली शेपटी वेगळी दिसते, पाठीवरचे ठिपकेही ओळखायला मदत करतात. फोटो काढून ठेवा.