जुन्या घरगुती ध्वनिसंचाची सुधारणा

घरात आधीपासून असलेला स्टीरिओ संच टाकून न देता त्याचा एखादा भाग दुरुस्त करून, बदलून किंवा केवळ मांडणी पालटून आवाजाचा दर्जा वाढवणे, याला ध्वनिसंचाची सुधारणा म्हणतात. रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, रेडिओ किंवा मोबाईल यांसारखा स्रोत, त्याचा क्षीण विद्युतसंकेत वाढवणारा ॲम्प्लिफायर, त्या संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारे स्पीकर आणि ज्या खोलीत तो ध्वनी ऐकला जातो ती खोली, अशी ही साखळी असते. खोलीची गणना सहसा कोणी संचात करत नाही. प्रत्यक्षात कानावर पडणाऱ्या आवाजात तिचा वाटा फार मोठा असतो. कोणता भाग आधी सुधारावा हे हवामान, वीजपुरवठा आणि घराची बांधणी यांवर अवलंबून असते. पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे त्याचे बोलके उदाहरण आहेत.

हवामानाचा परिणाम

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नित्याचे आहे. ॲम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या घटकाचे आयुष्य तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की साधारणपणे निम्मे होते. म्हणून वीस-पंचवीस वर्षांचा संच घुमू लागला, त्याचा खर्ज पातळ झाला किंवा एक बाजू मंदावली, तर नवा संच घेण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून कपॅसिटर तपासून घ्यावेत. हा खर्च नव्या संचाच्या मानाने किरकोळ असतो. हे काम मात्र घरी करू नये. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जुन्या व्हॉल्व्हच्या संचात तर ती शेकडो व्होल्टची असते.

कूलर हा विदर्भातील उन्हाळ्याचा अविभाज्य भाग. त्याच्या ओलसर झोतासमोर संच ठेवल्यास धातूची जोडटोके गंजतात, आणि पंख्याच्या घरघरीत गाण्यातील हळुवार जागा बुडून जातात. कूलर व संच खोलीच्या वेगवेगळ्या बाजूंना ठेवणे ही बिनखर्चाची सुधारणा होय. कोळसा खाणींच्या परिसरात बारीक धूळही त्रासदायक ठरते. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीमुळेच असते आणि संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने ती जाते.

पावसाळ्यात दमटपणाची बाधा सुरू होते. अनेक जुन्या स्पीकरच्या कागदी शंकूभोवती फोमची कडा असते. दमट हवेत तिचे रासायनिक विघटन होऊन ती चिकट होते व शेवटी बोटाच्या स्पर्शाने गळून पडते. स्पीकर निकामी झाला असे समजून तो भंगारात दिला जातो, पण केवळ कडा बदलून तो पूर्ववत वाजू शकतो. रबराची किंवा कापडी कडा अधिक टिकते. भुशाच्या दाबपट्टीचे खोके ओल लागून फुगते. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती असलेल्या या भागात नवे खोके सागाचेच करावे असा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि अखंड लाकूड ऋतूनुसार आकुंचन-प्रसरण पावते व त्याला भेगा पडतात. आतून आडवे आधार दिलेले जाड प्लायवूड त्यापेक्षा बरे.

वीज व अर्थिंग

स्पीकरमधून सतत येणारा घुमणारा आवाज हा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा असतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंग कमकुवत होते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. घुमणे थांबावे म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणे मात्र जिवावर बेतू शकते. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागताच प्लग आणि अँटेना दोन्ही काढून ठेवावेत.

खोली आणि स्पीकरची जागा

मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि कवेलूंचे छप्पर असलेल्या जुन्या घरात आवाज फारसा घुमत नाही, कारण खडबडीत व सच्छिद्र पृष्ठभाग ध्वनी शोषतात आणि विखुरतात. सिमेंटचा स्लॅब व गुळगुळीत फरशीच्या खोलीत तोच संच कर्कश वाटतो. घर बांधल्यावर जुना संच ‘बिघडला’ असे जे वाटते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. दहा बाय दहा फुटांच्या आणि तितक्याच उंच खोलीचे दुखणे निराळे. तिन्ही मापे सारखी असल्याने सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचे स्वर तिन्ही दिशांनी फुगतात व तबल्याचा बायाँ नुसता गुमगुमतो. जाड सतरंजी, भिंतीवर टांगलेली गोधडी, जाड पडदे यांनी कर्कशपणा कमी होतो. पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट आवाज विखुरण्याचे कामही करते. खर्जाचा फुगवटा मात्र कापडाने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर आणावे लागतात. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि उच्च स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या उंचीवर यावा. दोन्ही स्पीकर कपाटाच्या माथ्यावर शेजारी-शेजारी ठेवले, तर स्टीरिओ असून नसल्यासारखाच.

एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही शंकू परस्परविरुद्ध हलतात आणि खर्ज नाहीसा होतो. तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला व ऋण टोक ऋण टोकाला क्षणभर टेकवावे. शंकू बाहेर सरकला तर खुणा बरोबर आहेत.

वॉट आणि तारा

अधिक वॉट म्हणजे अधिक चांगला आवाज, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. याउलट ८४ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तितकाच आवाज चौथाई शक्तीत मिळतो. म्हणून पैसा आधी स्पीकरवर खर्च करणे शहाणपणाचे. देसाईगंज (वडसा) हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांत मानवी आवाज उघड्या मैदानात दूरवर पोचवावा लागतो. अशा कामाला कर्ण्याचे स्पीकर उपयोगी पडतात, कारण त्यांची संवेदनशीलता फार मोठी असते. पण त्यांच्यात खर्ज फारसा नसतो, त्यामुळे घरात ते शोभत नाहीत.

८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले की भार ४ ओहम होतो. ॲम्प्लिफायर तेवढ्यासाठी बनवलेला नसल्यास तो तापून जळतो. महागड्या तारांची मात्र गरज नाही. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या पाच मीटर जोडतारेचा जाण्यायेण्याचा रोध जेमतेम ०.१७ ओहम असतो. घराच्या वायरिंगची साधी तार पुरते.

स्रोताची मर्यादा

स्रोतात जे नाही ते पुढची साखळी निर्माण करू शकत नाही. भारतात मध्यम लहरींवरील केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असल्याने तिथे झांजेची झळाळी मुळातच कापलेली असते, एफ.एम.वर सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर येतात. रेकॉर्ड प्लेअरमध्ये पहिला खर्च सुईचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असून तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर एल.पी.ला सुमारे १८ मायक्रॉनची. चुकीची किंवा झिजलेली सुई तबकडीच कायमची खरवडते. सिरॅमिक कार्ट्रिजच्या जागी चुंबकीय कार्ट्रिज बसवायचे तर निराळा फोनो प्रीॲम्प्लिफायर लागतो, अन्यथा आवाज क्षीण व पातळ येतो.

घरगुती ध्वनिफिती

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे ध्वनिमुद्रण घरोघरी शक्य झाले. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावातील दंडार, लग्नातील गोंडी गाणी असे जे कोणी घरी मुद्रित केले असेल, त्याची बाजारात दुसरी प्रत नसते. ‘सुधारणा’ करताना डेक भंगारात गेला की ती फीत घरात असूनही मुकी होते. डेक चालू असेपर्यंत तिचे संगणकीय रूपांतर करून घेणे हे इतर कोणत्याही बदलाआधीचे काम आहे.

त्यासाठी प्रथम ताणलेला किंवा वितळून चिकटलेला रबरी पट्टा बदलावा. वाचनशीर्ष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावे. बुरशी धरलेली फीत स्वच्छ होईपर्यंत डेकमध्ये घालू नये, कारण ती शीर्ष खराब करते आणि पुढच्या फितीलाही बुरशी लागते. आवाज दबलेला वाटल्यास शीर्षाशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून, वरचे स्वर सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबावे. फीत ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याच्या शीर्षाचा कल निराळा असू शकतो, म्हणून हे प्रत्येक फितीसाठी नव्याने करावे लागते. मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट किंवा त्याहून वरच्या दर्जाने, संकोचन न करता साठवावे. एक प्रत घरात आणि दुसरी अन्य गावातील नातेवाइकाकडे ठेवतात; मूळ फीत कोरड्या डब्यात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी.