प्रथिनाला पत्ता कोण सांगतं?

ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. इथे येणाऱ्या छोट्या रोहित पक्ष्याच्या जातीचं आवडतं खाद्य म्हणजे सायनोबॅक्टेरिया, प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू.

या जीवाणूंच्या पेशीत तीन प्रकारची पटलं असतात: बाह्यपटल, त्याच्या आत पेशीपटल आणि पोटात थायलॅकॉइड. प्रकाश वापरणारी यंत्रणा थायलॅकॉइडमध्ये बसते, क्षार आत ओढणारे पंप पेशीपटलात. हे सगळे भाग प्रथिनांचेच; मग नवं प्रथिन योग्य जागी जातं कसं? प्रथिनाच्या अंगातच पत्ता असतो, या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पण इथे खरा पेच आहे. पेशीपटल आणि थायलॅकॉइड, दोन्हींची दारं एकाच जातीची आणि पत्तेही बरेचसे सारखे. कल्याणहून सुटणाऱ्या कसारा आणि कर्जत लोकलवर एकच पाटी असावी तसं!

२०२० मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी मला फार देखणं वाटणारं उत्तर मांडलं. प्रकाशयंत्रणेच्या मुख्य प्रथिनांचे आरएनए संदेशच, म्हणजे ती घडवण्याच्या सूचनाच, थायलॅकॉइडपाशी नेल्या जातात. आरएनएला धरणारी काही प्रथिनं त्यात मदत करतात. मग प्रथिन तिथेच घडतं, तिथेच पटलात शिरतं.

बाकी अनेक प्रथिनांची वाट शोधायची आहे. जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हा प्रश्न जरूर हाती घ्यावा.