बिअरचे चार घटक आणि बाळाची लापशी

दारूबंदी असलेल्या गुजरातेत राहून बिअरविषयी लिहावे, आणि तेही एका बालरोगतज्ज्ञाने, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु बिअरकडे पेय म्हणून न पाहता एक जैवरासायनिक प्रक्रिया म्हणून पाहिले, तर तिच्यातील बहुतेक गोष्टी आपल्या व्यवसायाच्या ओळखीच्या निघतात. त्यांतील एक तर थेट बाळाच्या वाटीपर्यंत येऊन पोहोचते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१५१६ साली बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे एक राजाज्ञा निघाली. बिअरमध्ये जव, हॉप्स व पाणी यांखेरीज काहीही घालू नये, असा तिचा आशय होता. आज लहान प्रमाणावर बनणाऱ्या ‘क्राफ्ट’ बिअरमध्ये गहू, ओट, फळे, मसाले असे पुष्कळ काही पडते. तरीही पाया या तिन्हींचाच आहे, आणि त्या आज्ञेत ज्याचा उल्लेखही नव्हता अशा चौथ्याचा, म्हणजे यीस्टचा.

पाणी : बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे, प्रमाण मोठे. तेथील कडवट ‘पेल एल’ त्यामुळे नावारूपास आली. बोहेमियातील प्लझेनचे पाणी अत्यंत मृदू. तेथे १८४२ साली सौम्य, सोनेरी ‘पिल्सनर’ जन्मली. पाण्यातील क्षार मिश्रणाचा पीएच ठरवतात आणि पीएचवर विकरांचे काम अवलंबून असते. हे पीएचचे माप सोरेनसेन यांनी १९०९ साली मांडले ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

हॉप्स : ही एक वेल असून ती भांगेच्या कुळातील आहे. हिच्या मादी फुलोऱ्यातील पिवळ्या राळेत कडू आम्ले असतात. तासभर उकळल्यावर त्यांचे रूपांतर होऊन बिअरला कडवटपणा येतो. शिवाय ती ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंची वाढ रोखतात, त्यामुळे बिअर लवकर आंबट होत नाही. हॉप्सचा हा टिकवण्याचा गुण बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीने नोंदवून ठेवला आहे.

यीस्ट : साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करणारी ही एकपेशीय बुरशी. पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ती बिघडण्यामागील जंतू दाखवले. १८८३ साली हान्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. अतिसारात आपण देतो ते ‘बोलार्डी’ याच सॅकरोमायसिस घराण्यातील.

माल्ट : हा घटक मुद्दाम शेवटी घेतला. जव भिजवून त्यांना चार-पाच दिवस मोड येऊ देतात. या काळात दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. मग मंद उष्णतेवर वाळवून अंकुरण थांबवतात. हे माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की घट्ट पिठूळ मिश्रण पातळ व गोड होते, कारण पिष्टाची माल्टोज साखर झालेली असते. येथे यीस्ट घातले तर पुढे बिअर होते.

यीस्ट न घालता येथेच थांबले तर काय, हा प्रश्न माझ्या विषयाचा आहे. सहा महिन्यांच्या बाळाचे जठर लहान असते. लापशी घट्ट झाली की ते गिळत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. पोट भरते, पण उष्मांक मिळत नाहीत. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर काम केले. मोड आणलेल्या धान्याचे थोडेसे पीठ घट्ट लापशीत मिसळले की ती पाणी न वाढवता पातळ होते, हे त्यांनी दाखवून दिले. वाटी तेवढीच राहते, तिच्यात धान्य मात्र अधिक मावते.

आपल्या घरांतील नाचणीचे सत्त्व याच जातीचे. कृती सोपी आहे : गहू, नाचणी वा बाजरी भिजवून मोड आणावेत, चांगले वाळवावेत व दळावे. मोठ्या आचेवर भाजू नये, विकर नष्ट होते. ज्वारी मात्र टाळावी. तिच्या मोडांत सायनाइड देणारे द्रव्य असते. शिजवलेली लापशी जरा निवली की अर्धा-एक चमचा पीठ ढवळावे, ती काही मिनिटांत पातळ होते. मग जंतुभयास्तव पुन्हा एक उकळी द्यावी. बाजारातील साखरयुक्त ‘माल्ट’ पेये या पिठाची जागा घेऊ शकत नाहीत.

‘बिअर जवाची असते, मग बाळंतिणीला दूध येण्यासाठी थोडी चालेल का?’ असा प्रश्न कधी कानी येतो. उत्तर स्पष्ट नकारार्थी द्यावे. अल्कोहोल ऑक्सिटोसिनला अटकाव करते, त्यामुळे दूध उतरणे मंदावते. शिवाय ते दुधातूनही जाते. ६५० मिलिलिटरच्या, पाच टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असते.

लसीकरणासाठी आलेल्या आईला आपण ‘वरचे अन्न सुरू करा’ एवढेच सांगून थांबतो. त्यापुढे दोन मिनिटे देऊन मोडाच्या पिठाची ही कृती तिला सांगावी, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना विनंती.