तोंड घासायचा विजेचा ब्रश

दात घासायचा ब्रश तुम्हांला माहीत आहे. आता तोंड घासायचाही ब्रश निघाला आहे. तो मुठीत मावतो. आत बॅटरी असते. बटण दाबले की त्याचे केस गरगर फिरतात, नाही तर थरथरतात. अमेरिकेत एका कंपनीने असा ब्रश २००४ साली विकायला काढला. तो खूप खपला. २०२० साली ती कंपनी बंद झाली, पण तशा ब्रशांची विक्री चालूच राहिली. आज मोबाईलवर मागवला तर तो खेड्यातही घरपोच येतो.

आमच्या नात्यातली एक मुलगी करवीर तालुक्यातल्या खेड्यात राहते. रोज एस. टी.ने कोल्हापूरला कॉलेजला जाते. तोंडावर चार मुरमे होती. त्या वयात ती येतातच. पाडव्याला तिने हा ब्रश घेतला. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे, दाबून दाबून घासू लागली. पंधरा दिवसांत दोन्ही गाल लालभडक झाले. चार मुरमांची चाळीस झाली. पोरगी ओढणीने तोंड बांधून एस. टी.त बसू लागली. पुढे तर कॉलेजच बुडवू लागली.

खोक्यावर लिहिले होते, "आतली घाण बाहेर पडते. वापरत राहा." म्हणून ती आणखी जोराने घासायची. शेवटी आजीने हटकले, "अगं बाई, ही काय टाच हाय व्हय, वजरीनं घासायला?"

आजीचे बरोबर होते. कसे ते पाहू.

तोंडाच्या कातडीचा सगळ्यांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. तो आपले कुंपण आहे. आतला ओलावा तो आत ठेवतो आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवतो. फार घासले की हे कुंपण मोडते. कातडी कोरडी पडते, चुरचुरते, सुजते.

आणि मुरूम घाणीने होत नाही, बरं का! कातडीत तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांचे तोंड तेलाने आणि मेलेल्या कातडीने बुजते. आत जंतू वाढतात, सूज येते. तेच मुरूम. त्याचे काळे टोकही मळ नव्हे. आत अडकलेला ऐवज हवा लागून काळा पडतो. मग घासून काय निघणार? उलट घासण्याने सूज वाढते. हेल्मेटचा पट्टा रोज घासला तर हनुवटीवर पुरळ येते, तसेच हे.

कोल्हापूरकर विचारतील, तालमीतले पैलवान तांबड्या मातीत अंग घुसळतात, त्यांचे काय? त्यांनाही गळवे होतात, गजकर्ण होते. एकाचे दुसऱ्याला लागते. पण ते कोण सांगतो!

ब्रशाचेही तेच. तो न्हाणीत ओला पडून राहतो. ओल्या केसांत जंतू वाढतात. या घरात तर धाकटी बहीणही गुपचूप तोच ब्रश वापरत होती.

काही औषधांनी सुरुवातीला मुरमे थोडी वाढतात, हे खरे. पण ब्रश म्हणजे औषध नव्हे. घासून तोंड बिघडले, तर ते घासल्यानेच बिघडले असे समजावे.

भाऊ म्हणाला, "मेडिकलमधून एखादं मलम आणतो." आम्ही त्याला थांबवले. गोरे करणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवस तोंड उजळते. मग कातडी आणखी पातळ होते आणि मुरमे दुप्पट येतात. आम्ही तिला कोल्हापुरात सी. पी. आर. दवाखान्यात नेले. तिथे कातडीचे डॉक्टर असतात.

ब्रश बंद झाला. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने हातानेच तोंड धुवायचे. स्वतःच्या पंचाने टिपायचे, पुसायचे नाही. मुरूम फोडायचे नाही. ब्रशाची फारच हौस असेल, तर मुरमे नसताना, मऊ केसांचा, न दाबता, मिनिटभरच फिरवावा. धुऊन वाळवावा. दर तीन महिन्यांनी त्याचे केसांचे डोके बदलावे. आम्हांला विचाराल, तर ते पैसे एस. टी.च्या पासाला बरे.

आठ-दहा दिवसांत लाली गेली. औषधाने मुरमे दोन-तीन महिन्यांत बसली. पण आपल्या सावळ्या कातडीवर सुजेच्या जागी काळे डाग राहतात, आणि ते लवकर जात नाहीत. तिचे डाग फिके व्हायला दिवाळी उजाडली. कॉलेज मात्र तिने त्याआधीच, तोंड न बांधता, सुरू केले होते. ब्रशाने आता भाऊ मोटारसायकलची साखळी घासतो.